चार दिवसांच्या पिल्लाचा अंगठा : ब्रीडर मंडळींना खुलं पत्र

प्रति,
सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर भागातले सर्व श्वानपालक आणि ब्रीडर बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

"मॅडम, दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणत गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. मोटारसायकलच्या टाकीवर आंब्याची रिकामी पेटी, पेटीत जुना टॉवेल आणि टॉवेलात रॉटवायलरची सात पिल्लं. चौथा दिवस. डोळे मिटलेले, कानांची भोकंही अजून बंद. बाहेर भुरभुर पाऊस होता. मी वरचं पिल्लू तळहातावर घेतलं तर ते गार लागलं. कशाला आणली म्हणून विचारलं. "शेपूट आणि ड्यूक्लॉ. बुकिंगवाल्यांना दोन्ही करूनच पाहिजे." म्हणजे शेपूट आणि पुढच्या पायांचे अंगठे कापून हवे होते.

मी नाही म्हटलं. तो भांडला नाही. पेटीवर टॉवेल नीट पांघरला, "बघतो दुसरीकडं" म्हणाला आणि गेला. त्यानंतर पाचव्या दिवशी परत आला, पेटीत दोनच पिल्लं होती. एकाचा पुढचा उजवा पाय कोपरापर्यंत सुजलेला, दाबल्यावर पू येत होता. दुसऱ्याचा अंगठा सांध्यातून न काढता मधेच हाडावर तोडलेला. नखं कापायच्या कटरनं काम उरकलेलं दिसत होतं. कुणी केलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. सुजलेलं पिल्लू त्याच रात्री गेलं. दुसरं जगलं. ते आता वर्षाचं होत आलंय, त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

शेपटीचं भांडण जुनं आहे, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. हे पत्र फक्त अंगठ्याबद्दल, म्हणजे तुम्ही ज्याला ड्यूक्लॉ म्हणता, वरचं नख म्हणता, कुणी फालतू नख म्हणता, त्याच्याबद्दल. शेपटीवर निदान कुणीतरी भांडतं. अंगठा मात्र शेपटीच्या बिलात फुकट निघतो.

आधी माझी कबुली. बावीस वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केली, त्यातली पहिली दहाएक वर्षं मीही ही नखं काढली. किती लिटरची, म्हणजे किती वेतांतल्या पिल्लांची, त्याची मोजदाद नाही. ज्या सरांकडे उमेदवारी केली ते काढायचे, म्हणून मीही. पद्धत ठरलेली. कुत्रीला आधी अंगणापलीकडच्या खोलीत कोंडायचं. पिल्लू डाव्या मुठीत, त्याचा अंगठा दोन बोटांत. आर्टरी फोर्सेप्सनं चिमटा, बारीक वाकडी कात्री, कच्चकन् आवाज. कापसाचा बोळा दाबून साठपर्यंत आकडे मोजायचे. रक्त थांबलं नाही तर एखादा टाका किंवा टिंक्चर बेंझॉइन. मग पुढचं पिल्लू.

यातली पहिली पायरी मला पुढे पुढे टोचायला लागली. पिल्लांना या वयात काही कळत नाही असं आम्ही मालकाला सांगायचो, आणि कुत्रीला मात्र त्यांचा आवाज जाऊ नये म्हणून दोन दारांआड ठेवायचो.

"काही कळत नाही" हे आपलंच मत नव्हतं म्हणा. माणसांच्या दवाखान्यातही 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर अगदी जुजबी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत, कारण समजूत हीच. ती मोडायला ज्यांचं काम कारणी लागलं त्यांतले एक डॉ. कन्वलजीत आनंद. इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकून पुढे ऑक्सफर्डला गेलेले. 1987 मध्ये त्यांनी आणि पॉल हिकी यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नवजाताच्या वेदनेवर लेख लिहिला, आणि त्यानंतर बाळांना भूल आणि वेदनाशामक देण्याकडे पाहण्याची रीत बदलली. पिल्लांचंही तसंच आहे. वेदना मेंदूकडे नेणारी वाट जन्मापासून चालू असते. ती वेदना वरून दाबून धरणारी यंत्रणा मात्र मागाहून पक्की होते. म्हणजे "अजून नसा कच्च्या आहेत" हे तुमचं म्हणणं खरंच आहे, फक्त त्यातून निघणारा अर्थ उलटा आहे. पिल्लू दोन मिनिटांत पुन्हा स्तनाला लागतं, हेही खरं. चार दिवसांच्या जिवाला दुसरं करता काय येतं? ना पळता येतं, ना चावता.

शिवाय त्या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचं तापमान 96 फॅरनहाइटच्या आसपास असतं, मोठ्या कुत्र्याचं 101-102. थंडीनं कुडकुडणंसुद्धा त्याला अजून जमत नाही. अंगात साखरेचा साठा जेमतेम; दोन वेळची पिणी चुकली तर ते मलूल होतं. अशा पिल्लाला पावसातून तीस-चाळीस किलोमीटर आणायचं, त्याचं रक्त काढायचं आणि जखमेसकट पुन्हा त्याच गोणपाटावर ठेवायचं, जिथं कुत्री ती जखम दिवसभर चाटणार. आमच्या त्या सातांपैकी एक कशानं गेलं हे सांगायला शवविच्छेदन लागलं नाही.

आता मुख्य मुद्दा. हा अंगठा असतो कशाला?

आज संध्याकाळी तुमचं मोठं कुत्रं शेजारी येऊन बसलं की त्याचा पुढचा पाय हातात घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला जरा वर ते नख दिसेल. चिमटीत धरून हलवून बघा. डुलत नाही. आत हाड आहे आणि ते पायाच्या हाडाला सांध्यानं जोडलेलं आहे. बाकीच्या बोटांना तीन-तीन पेरं आणि याला दोन. आपल्याही अंगठ्याला दोनच असतात, मोजून बघा. आता ते नख हळूच बाहेरच्या बाजूला ओढा. कुत्रं ते परत आत ओढून घेईल. तुमच्या बोटाखाली बारीक दोरी सरकल्यासारखी वाटेल, ती कंडरा. ती वर कोपराच्या बाजूला स्नायूला जाऊन मिळते. अंगठा वाकवणारी वेगळी, उघडणारी वेगळी, बाजूला नेणारी वेगळी. म्हणजे तिसऱ्या दिवशी आपण जे कापतो ते नख नव्हे. बोट कापतो, आणि त्याच्यामागे उरलेल्या स्नायूंना ओढायला टोकच ठेवत नाही.

याचा उपयोग बघायला पुस्तक लागत नाही. कुत्र्याला हाड द्या. दोन्ही पंजे जमिनीवर टेकवून ते हाड मधे धरतं, आणि सटकायला लागलं की अंगठे आत वळवून दाबतं. जतकडचे एक म्हातारे धनगर दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या भागातून जातात. कुत्र्याला जंताचं औषध न्यायला आले होते तेव्हा मी त्यांना सहज म्हटलं, शहरात लोक हे नख कापून टाकतात. त्यांनी आधी कुत्र्याच्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आन् मंग त्यानं धरायचं कशानं?" म्हणाले. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न परीक्षेला आला नव्हता.

माझ्याकडे एक कारवान कुत्री आहे, करड्या रंगाची, हाडकुळी. (पाहुणे विचारतात, खायला घालत नाही का? ही जातच तशी.) वळीव पडून गेला की मी तिला नांगरटीच्या रानात सोडते आणि नंतर ठसे बघत फिरते. चालताना चार बोटांचे ठसे उमटतात. पण भरधाव पळताना जिथं तिनं वळण घेतलं असेल तिथं चार बोटांच्या मागे, आतल्या अंगाला, पाचवी खूण दिसते. लहानशी, खोल, तिरकी. भरधाव कुत्र्याचं मनगट जमिनीकडे एवढं दबतं की अंगठा टेकतो, आणि वळताना तो मातीत रुततो. कॅमेऱ्यात सावकाश चित्रण करून परदेशात हे केव्हाच दाखवलंय. मला ते ढेकळांत दिसलं तेव्हा पटलं. ड्यूक्लॉ या इंग्रजी शब्दाची (ड्यू म्हणजे दव) एक व्युत्पत्ती अशी सांगतात की हे नख फक्त गवतावरच्या दवाला लागतं. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं कुत्रं चालताना पाहिलं असावं, पळताना नाही.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेते, कारण तो खोटा नाही. "मॅडम, मोठेपणी हेच नख अडकतं, फाटतं, तुमच्याकडेच आणतात." आणतात. महिन्याला एक-दोन तरी. कुंपणाच्या जाळीत अडकून मुळापासून उपटलेलं, किंवा गोल वाढून स्वतःच्याच मांसात रुतलेलं. रुतलेल्या नखाचा वास एकदा आला की विसरत नाही. पण या कुत्र्यांची बाकीची नखं मी बघते. जवळजवळ सगळी पिंजऱ्यातली किंवा फरशीवरची कुत्री. नखं एवढी वाढलेली की चालताना टकटक वाजतात. अंगठ्याचं नख जमिनीला रोज घासत नाही, म्हणून झिजत नाही. ते तीन-चार आठवड्यांनी कापावंच लागतं. कापलं नाही की आकड्यासारखं वळतं आणि आकडा अडकतोच. यात दोष अंगठ्याचा की न कापणाऱ्याचा? आपल्या पायाच्या अंगठ्याचं नखही रुततं. आपण नेलकटर घेतो.

2018 मध्ये अमेरिकेत ॲजिलिटीच्या, म्हणजे अडथळे पार करण्याच्या शर्यतीत पळणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. बोटांच्या दुखापती कुणाला जास्त होतात हे त्यात तपासलं होतं. ज्यांचे पुढचे अंगठे काढलेले होते त्या कुत्र्यांत बोटांच्या दुखापतींची शक्यता जास्त निघाली, आणि ज्यांची नखं लांब होती त्यांच्यातही. मालकांना विचारून केलेलं सर्वेक्षण आहे, त्याला शेवटचा शब्द मानू नका. पण "काढलं की दुखापत टळली" हा तुमचा हिशेब मात्र त्यात कुठे बसत नाही.

कुणी अभ्यासू ब्रीडर मला विचारतील, आणि एकानं विचारलंही, की आफ्रिकेतल्या रानकुत्र्याला पुढे चारच बोटं असतात, तो मैलोन् मैल पळतो, त्याचं कुठे अडतं? चांगला प्रश्न आहे. 2020 साली त्या जनावराच्या पायाचं विच्छेदन करून पाहिलं तेव्हा कातडीखाली अंगठ्याचं खुरटं हाड सापडलं, आणि त्याच्या भोवतीची स्नायूंची मांडणीही त्या हिशेबानं बदललेली दिसली. तिथे निसर्गानं अंगठा लहान करताना सगळं घर नव्यानं बांधलंय. आपण खांब काढतो आणि छत आहे तसंच ठेवतो.

इथपर्यंत सगळं पुढच्या पायाचं झालं. मागच्या पायाचं वेगळं, आणि इथं मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे.

कुत्र्याला जन्मतः अठरा नखं: पुढे पाच-पाच, मागे चार-चार. मागे एकेक जास्त आलं की झालं वीस. आपल्या खेड्यांत विसनखी कुत्र्याचा केवढा मान! विसनखी राखणीला चांगलं, विसनख्याला रात्रीचं काय काय दिसतं, विसनखी चावलं तर विष चढतं. शेवटचं ऐकून लोक निर्धास्त होतात ते मला आवडत नाही: अठरा नखांचं चावलं तर काही नाही असं समजून हळद लावून घरी बसतात. रेबीजला नखं मोजता येत नाहीत. कोणतंही कुत्रं चावलं की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि इंजेक्शनं घ्यायला दवाखाना गाठायचा. असो, विषय भरकटला.

तर हे मागचं जास्तीचं नख दोन प्रकारचं. काहींत आत हाड असतं आणि ते पायाला घट्ट धरून असतं. काहींत नुसती कातडीची दोरी आणि खाली लोंबणारं नख, कानातल्या डुलासारखं. या दुसऱ्या प्रकाराची मला भीती वाटते. ते खरंच अडकतं, उसात तर हमखास. तिथं काढण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती चौथ्या दिवसाला. ते पिल्लू सहा-आठ महिन्यांचं होऊ द्या. नसबंदीला टेबलावर येईल तेव्हा पूर्ण भुलीत, वेदनाशामक देऊन, टाके घालून ते निघतं. तोवर पायावर हात फिरवत राहा, नख आखूड ठेवा. पुष्कळ कुत्र्यांत तोवर कळतं की त्याचा काही त्रासच नाही, मग राहू द्यायचं.

आणि तुम्ही तर पैदास करणारी माणसं. मागचं जास्तीचं नख हे रक्तातून येतं. त्यामागचा जनुकीय बदलही शास्त्रज्ञांनी शोधून काढलाय. आई-बापापैकी एकाला असलं तरी पिल्लांत उतरू शकतं. रंग, डोकं, हाड, चाल यासाठी तुम्ही पाच-पाच पिढ्यांचे कागद तपासता, बेंगळुरूहून नर आणता. मग नको असलेलं नख जोडी जुळवताना का बघत नाही? कात्रीनं ते पुढच्या लिटरमधून जात नाही. उलट कापून विकल्यामुळे घेणाऱ्याला कळतच नाही की या नराच्या रक्तात ते आहे.

"पण शोमध्ये चालत नाही." कुठल्या? फ्रान्सच्या बोसरोन कुत्र्याला मागच्या पायांवर दुहेरी नखं नसतील तर त्याला बाद करतात. पिरेनीजच्या पांढऱ्या डोंगरी कुत्र्याचंही तेच. नॉर्वेत कड्यांवर पफिन पक्षी पकडायला एक जात पाळत, लुंडेहुंड, तिच्या पायांना सहा-सहा बोटं लागतात, कमी असली तर ती लुंडेहुंडच नव्हे. एका जातीत जे नसलं तर बाद, तेच दुसऱ्या जातीत असलं तर फालतू. ही माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवलेली गोष्ट आहे, आणि टेबलाभोवती बसून ती बदलता येते. आपल्या भागातून शोला जाणारी कुत्री शंभरात किती हो? बाकीची सगळी कुणाच्या तरी बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा द्राक्षबागेच्या फाटकाशी आयुष्य काढणार. त्यांच्या पायाकडे कोणता जज बघायला येणार आहे?

घेणारा मागतो, हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्याचा दोष फक्त तुम्हाला देणं बरोबर नाही. व्हिडिओ बघून आलेला माणूस "पायाला एक्स्ट्रा नख आहे, पीस डिफेक्टिव्ह आहे का?" म्हणून फोन करतो आणि हजार-दोन हजार पाडून मागतो. (जिवंत पिल्लाला "पीस" म्हणायची पद्धत कुणी काढली त्याला एकदा भेटायचंय.) इथं तुमचा शब्द कामाला येतो. डॉक्टरचं तो नंतर ऐकतो, तुमचं आधी. "हा कुत्र्याचा अंगठा आहे, सगळ्यांना असतो, आमच्याकडे काढत नाहीत," एवढं वाक्य तुमच्यातल्या चार नावाजलेल्या लोकांनी म्हणायला लागा, वर्षभरात मागणी बदलेल. नख न काढलेलं पिल्लू हीच चांगल्या केनेलची ओळख झाली तर मला नवल वाटणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, धाक घालायला नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातलं कलम 11 अवयव तोडण्याला क्रूरता म्हणतं. त्यातून काही गोष्टी वगळल्या आहेत: विहित पद्धतीनं जनावरांची शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं. त्या यादीत कुत्र्याचा अंगठा नाही. दंड पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आता दोन वडापाव येतात, त्यामुळे कायद्याच्या भीतीनं कुणी थांबेल अशी माझी समजूत नाही. इंग्लंडमध्ये तर अजूनही हे नख काढायला कायद्यानं मुभा आहे, आणि डोळे उघडण्याआधी अठरा वर्षांवरच्या कोणालाही ते काढता येतं. हा दाखला माझ्याकडे दरवेळी फेकला जातो. बरोबर आहे. कायदा परवानगी देतो म्हणून ते गरजेचं ठरत नाही, एवढंच माझं उत्तर. 2017 च्या श्वानपैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या आठ आठवड्यांचा उपयोग मात्र सांगते.

पिल्लू दहा-बारा दिवसांचं झालं की त्याच्या नखांची नुसती टोकं माणसाच्या साध्या नेलकटरनं उडवा. अंगठ्याचीही. त्यानं कुत्रीचे सड ओरबाडले जात नाहीत. ती दूध पाजताना उठून का जाते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे सांगायला नको. मग दर आठवड्याला तेच. तिसऱ्या आठवड्यापासून रोज एकदा चारही पाय हातात घ्यायचे, बोटं एकेक करून दाबायची, सोडायची. आठव्या आठवड्याला ते पिल्लू नव्या घरी जाईल तेव्हा नख कापून घेताना लाडानं हात चाटेल. आत्ता माझ्याकडे येणाऱ्या रॉटवायलरांना नख कापायला चार माणसं आणि मुसकं लागतं. नवा मालक त्या कटकटीपायी नख कापतच नाही, मग ते अडकतं, मग तुम्ही म्हणता बघा, आधीच काढायला हवं होतं.

नव्या मालकाला पिल्लासोबत लसीचं कार्ड देता तशी एक चिठ्ठी द्या: अंगठ्याचं नख महिन्यातून एकदा कापावे. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून कांद्याच्या चकतीसारखे पातळ पातळ काप घ्यायचे आणि कापलेल्या जागी मधोमध काळसर ओला ठिपका आला की बस. चुकून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून पाच मिनिटं दाबून धरायचं. दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघायचं नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. आपण नाही म्हटलं तर ते दुसरीकडे, कटरवाल्याकडे जातात, मग आपणच स्वच्छ हातानं केलेलं काय वाईट? हा विचार मी दहा वर्षं केला आणि माझी गोष्ट तर बरोबर त्याच्याविरुद्ध जाते, कारण मी नाही म्हटलं आणि पिल्लू गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही हे कबूल करते. पण माझी चूक नाही म्हणण्यात नव्हती. मी त्याला "नाही" एवढंच म्हटलं, स्टुलावर बसवून, त्याच्याच पिल्लाचा पंजा त्याच्या हातात देऊन, आत हाड आहे ते दाखवलं नाही. पाच मिनिटं लागली असती. बाहेर गर्दी होती. आता मी ते करते. सगळे ऐकतात असं नाही, पण बरेच जण पेटी झाकून तशीच घरी नेतात.

त्या जगलेल्या पिल्लाचं सांगायचं राहिलं. तो आता एका प्राथमिक शिक्षकांकडे असतो, नाव भीमा, वजन 41 किलो. हाडावर तोडलेल्या अंगठ्याच्या जागी नख उगवणारी पेशी थोडी शिल्लक राहिली, आणि तिथून आता एक वाकडं, काळं, लवंगी मिरचीएवढं शिंगासारखं नख येतं. ते वरच्या बाजूला वाढतं आणि कातडीत घुसतं. दर दोन महिन्यांनी गुरुजी त्याला घेऊन येतात. मी कानस घेऊन ते घासते आणि भीमा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून कण्हत उभा राहतो. डाव्या पायाचा अंगठाही कापलेलाच, तिथं नुसता पांढरा वण. दिवाळीनंतर भूल देऊन उजवीकडचं मुळापासून काढणार आहे. ज्यानं ते कापायला लावलं तो तरुण मला विचारत होता, खर्च किती येईल, अर्धा मी देतो म्हणाला. त्याच्या कुत्रीचं पुढचं लिटर मार्गशीर्षात आहे. त्या पिल्लांचे अंगठे राहणार आहेत, असं त्यानं स्वतःहून सांगितलं.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी नखं कापायला शिकवते, फी नाही. कुत्रं आणा, नेलकटर तुमचा आणा. चार दिवसांची पिल्लं मात्र आणू नका. फोन करा, मी घरी येऊन बघेन.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक पशुवैद्यक